दाब पंपाचा आणि रक्ताचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला आलेल्यांनी बीपीचा विषय काढला म्हणून पुढच्या रांगेत कुजबुज चालू आहे, ती ऐकू येते. भावाचं बोलणं दुपारी होणारच आहे. पण गेल्या हंगामात आमच्या गटातला एक सोबती ऐन वेचणीत लकव्यानं पडला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. त्याची गोळी चालू होती, ती त्यानं मृगाआधी बंद केली. का? तर "बरं वाटतं, मग कशाला?" निम्मा कापूस दवाखान्यात गेला आणि उरलेला व्यापारी म्हणेल त्या भावानं, कारण थांबायला सवड नव्हती. आम्ही रोज त्याच्याजवळ बसत होतो. एकानंही गोळीचं विचारलं नाही, याची आम्हाला लाज वाटते.

हा दाब म्हणजे काय? पाठीवरचा फवारणीचा पंप आठवा. दांडा मारला की नळीत दाब चढतो, थांबलं की उतरतो, पण एकदम शून्य होत नाही. हृदयाचंही तसंच. ठोक्याच्या वेळचा तो वरचा आकडा, दोन ठोक्यांमधला तो खालचा. 120 वर 80 च्या आत असलं तर उत्तम. हे पाऱ्याचे मिलिमीटर आहेत. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे 120 हा पाच फुटांहून उंच पाण्याचा दाब झाला. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140 किंवा 90 च्या वर भरलं, तर दाब वाढलेला आहे असं समजायचं.

पंप सतत जादा दाबावर चालवला तर वॉशर जातो, नळी जोडाजवळ फुगते. अंगात मेंदूतली बारीक नळी फुटते नाहीतर तुंबते, मूत्रपिंडाची चाळणी बिघडते, हृदय जाड होऊन थकतं. फरक एवढाच, की पंप गळला तर पाठ ओली होते. इथं बहुतेकांना काहीच कळत नाही.

"हा शेठलोकांचा रोग, आम्ही वाळकी माणसं," असं आम्हाला गावोगाव ऐकवलं जातं. गांधीजी 1936 साली आपल्याच जिल्ह्यात शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. 1939 साली त्यांचं वजन 46.7 किलो होतं. दारू नाही, तंबाखू नाही, चालणं रोजचं. तरी 26 ऑक्टोबर 1937 ला त्यांचा दाब 194 वर 130 होता आणि 19 फेब्रुवारी 1940 ला 220 वर 110. म्हणजे जवळजवळ दहा फूट पाणी! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 2019 साली हे आकडे छापले. तेव्हा वाळकेपणाचा भरवसा धरू नका.

कुणी झाडपाल्याचं विचारतात. सर्पगंधेच्या मुळीनं दाब उतरतो हे खरं आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 साली ते जगापुढे मांडलं. पण मुळी घरी उगाळून मात्रा साधत नाही, आणि जास्त झाली तर मन खचतं. आज त्याहून सोप्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. 2017 साली निघालेल्या राष्ट्रीय रक्तदाब उपक्रमात महाराष्ट्राचे जे पहिले चार जिल्हे घेतले, त्यात वर्धा होता. पेरणी असो, वेचणी असो, गोळी रोजची. आकडा उतरला तो गोळीमुळे. गोळी सोडली की तो पुन्हा चढतो. औषध संपलं, केंद्रावर मिळालं नाही, तर घरी बसू नका, गटाला सांगा. ते मागून घेणं हेही संघटनेचंच काम आहे.

मीठ दिवसाला लहान चमचाभर, लोणचं आणि ठेचा धरून. खर्ऱ्याबद्दल बोललो तर निम्मा मांडव रिकामा होईल, पण तंबाखूनं दाब चढतो हे ऐकून ठेवा. आणि एक गोष्ट: फवारणी करताना भोवळ आली, घाम सुटला, उलटी झाली, तर "बीपी असेल" म्हणून झाडाखाली पडून राहू नका. ती विषबाधा असू शकते. कपडे काढून अंग धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

जेवणाआधी मागच्या टेबलावर मोजणी आहे. त्याआधी अर्धा तास चहा नको, खर्रा नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात टेबलावर ठेवा, मोजताना बोलू नका. दोनदा मोजू. बायांनी आधी यावं, त्या नेहमी मागं राहतात.