भूकंप आणि आपली घरे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा ज्याचा आमच्या स्थापत्यव्यवसायाशी आणि आपणां सर्वांच्या घरांशीही निकटचा संबंध आहे, असा विषय आम्ही निवडला. धरणी हलते ती भूकंपाने. माणसे दगावतात ती बहुधा घरे पडल्याने. हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट अनेकांच्या स्मरणात असेल. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. चारच्या सुमारास किल्लारीचा परिसर हादरला. भूकंप ६.२ परिमाणाचा, म्हणजे जगाच्या मानाने फार मोठा नव्हे. तरीही तत्कालीन लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आणि त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता!

असे का व्हावे? तिकडची घरे जाड दगडी भिंतींची, वर मातीचे माळवद. भिंत बाहेरून एकसंध दिसे. वस्तुतः त्या दोन भिंती असत आणि मध्ये दगडगोटे व माती यांची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. जमीन आडवी हलताच ती अंगे एकमेकांपासून सुटली, कोपरे फाटले आणि निजलेल्या माणसांवर दगड कोसळले. वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीच्या भाराने अनर्थात भरच घातली.

यावरून दगड वाईट आणि सिमेंट चांगले असे कोणी समजू नये. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेतही सिमेंट-लोखंडाच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. वरचे मजले भिंतींनी ताठ, खालचा उघडा. साऱ्या हेलकाव्याचा ताण त्या खांबांवर आला. मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी याचा अवश्य विचार करावा.

तात्पर्य, घर जाडीने टिकत नाही, जोडणीने टिकते. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवावे. कोपरे नीट सांधावे. जोते, दारखिडक्यांचा माथा आणि छप्पर यांच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा फिरवावा. माळवदावरील जादा माती उतरवावी. यास घर पाडावे लागत नाही.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या मंडळाच्या वसतिगृहाच्या भिंती दगडमातीच्याच आहेत, आणि त्यांवर यंदा एक मजला चढविण्याचे घाटत आहे. मजला चढला नाही तर काही होतकरू मुलांना जागा मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांची तात्पुरती सोय आपण आपापल्या घरी करू. परंतु जमलेला निधी प्रथम खालच्या भिंती बांधून घेण्याकडे लावावा, आणि जाणत्या अभियंत्याने तपासून संमती दिल्यावाचून वर एक दगडही चढवू नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आईबापांनी मुले आपल्या हवाली केली आहेत, ती रात्री त्याच भिंतींच्या आडोशाला निजतात.