काठीनं न सुटणारी खोड

कुत्रं स्वतःचीच विष्ठा खातं, हा विषय सकाळच्या चहाबरोबर नको वाटेल. पण याच खोडीपायी मुकी जनावरं मार खातात, कधी घराबाहेरही जातात, म्हणून बोलतो. पिल्लांची शी चाटून जागा स्वच्छ ठेवणारी कुत्री आपण पाहतोच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट यांच्या २०१८च्या पाहणीत १६ टक्के कुत्री निदान सहा वेळा तरी हे करताना दिसली होती, आणि तीही बहुधा दोन दिवसांच्या आतली विष्ठा खात. जंतांची अंडी उपद्रवी होण्याआधीच जागा साफ करायची, ही लांडग्यांची जुनी रीत असावी, असा त्यांचा तर्क. मला तो पटतो. ही खोड मोडण्यासाठीच्या बाजारातल्या पुड्या-गोळ्या मात्र जवळजवळ निकामी ठरल्या. मारलंत तर ते लपून, घाईनं खाईल. त्यापेक्षा शी लगेच उचला. फिरवताना दोरी हातात ठेवा, हाक मारा, आलं की खाऊ द्या. मोठेपणी अचानक सुरू झालं, वजन उतरलं, जुलाब लागले, तर जंत किंवा स्वादुपिंडाचा विकार असू शकतो. मग मात्र जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्या.