टॉवर कंपनीचा, पैसा कोणाचा?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत आज आम्ही मोबाईलच्या रेंजविषयी बोलणार आहोत. मागे बसलेले काहीजण हसले, ते आम्ही पाहिले. हसा. हसून झाले की २०२५-२६ चा कापूस हंगाम आठवा. हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करा, असे सीसीआयने सांगितले. नोंदणीला मोबाईल लागतो, मोबाईलवर ओटीपी लागतो आणि ओटीपीला रेंज लागते. घरात कापूस पडलेला, दारात व्यापारी उभा आणि घरधनी हातात फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलेला, हे दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. व्यापाऱ्याला घाई नसते. टाकीवरून माणूस खाली उतरला की भावही खाली उतरणार, हे त्याला ठाऊक असते.

२०२१ पासून पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करतो. ई-पीक पाहणी राहिली तर सातबारावर पीक लागत नाही. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत देण्याची अट ज्या हंगामांत होती, त्या हंगामांत गारपीट झालेल्या दिवशीच वीज गेली, विजेमागून टॉवर गेला आणि ७२ तास नुसते बघण्यात गेले, अशी गावे या मंडपात बसलेली आहेत. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे, म्हणून किडीचेही सांगतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा निर्णय घ्यायचा असतो. हा सल्ला आठवड्याने पोहोचला तर अळी बोंडात शिरलेली असते. मग औषध बोंडावर पडते, अळीवर पडत नाही. खर्च मात्र पुरा होतो.

म्हणजे रेंज ही आता चैन राहिलेली नाही. बियाणे, खत, मजुरी यांच्या रांगेत ती येऊन बसली आहे. तिच्यासाठी सरकारी पैसा आहे, आणि तो कंपन्यांमार्फत खर्च होतो. कंपन्या त्यात कशा शिरतात, पैसा कशाच्या मापाने उचलतात आणि त्यातले आपल्या हाती काय येते, एवढेच आज सांगायचे आहे.

पैसा येतो कोठून?

१९९९ च्या दूरसंचार धोरणात सरकारने एक गोष्ट कबूल केली. खेड्यात फोन नेणे धंदा म्हणून परवडत नाही, तेव्हा ती तूट कोणीतरी भरून काढली पाहिजे. १ एप्रिल २००२ पासून त्यासाठी निधी सुरू झाला. त्याचे नाव सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २००३ मध्ये जुन्या तार कायद्यात दुरुस्ती करून त्याला कायद्याचा आधार दिला. पुढे २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला आणि निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. २०२४ मध्ये त्याचे नियम आले. पाटी बदलली, पैशाची वाट तीच राहिली.

परवानाधारक दूरसंचार कंपनी आपल्या समायोजित महसुलाच्या शंभर रुपयांमागे पाच रुपये या निधीसाठी भरते. कंपनी म्हणते, आम्ही भरतो. कापसाचा व्यापारीही म्हणतो की बाजार समितीचा सेस मी भरतो. तो सेस शेवटी कोणाच्या भावातून वजा होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

हिशेब मांडू. तीनशे रुपयांचा रिचार्ज धरा. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की सुमारे २५४ रुपये कंपनीकडे राहतात. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेबारा रुपयांच्या थोडे वर. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. झाले १६५ रुपये. गावात असे दोनशे फोन असतील तर वर्षाला तेहतीस हजार रुपये. हिशेब ढोबळ आहे, थोडे इकडेतिकडे होईल. पण गावाने दिलेला पैसा गावाला कळत नाही, एवढे त्यातून कळते. सवलत म्हणतात ती सरकारची मेहरबानी नाही. आपल्याच खिशातून निघालेला पैसा मुंबई-दिल्ली करून आपल्याकडे यायचा आहे.

कंपनी आत कशी येते?

आधी सरकार ठरवते की कोणत्या गावांत सेवा नाही किंवा परवडत नाही. त्यांची यादी होते. यादीत नाव नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ.

मग निविदा निघते, पण ती उलटी असते. आपल्या बाजार समितीत जास्त बोलेल तो माल नेतो. इथे सगळ्यात कमी सबसिडी मागेल तो काम नेतो. काही कामे निविदेशिवाय सरकारी कंपनीकडे जातात. २०२२ च्या जुलैमध्ये २४,६८० गावांत ४-जी पोहोचवण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, ती बीएसएनएलकडे दिली.

काम मिळाले की करार होतो. किती जागा, किती मुदत, किती वर्षे चालवायचे, हे त्यात असते. मग कंपनी काम उभे करते आणि दावा दाखल करते. दूरसंचार खात्याचे संचार लेखा नियंत्रक कार्यालय दावा तपासते, जागा पाहते, काटछाट करते आणि पैसा हप्त्यांनी देते.

यात एक मेख आहे. कंपन्यांकडून घेतलेला पैसा थेट निधीत पडत नाही. तो आधी देशाच्या संचित निधीत जातो आणि संसदेने मंजूर केला तेवढाच पुढे सरकतो. जमा झाले त्या मानाने निधीकडे कमी वळते झाले, असे महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांत दाखवलेले आहे. कालव्यात पाणी सोडले, पण ते चारीत आले नाही, तशातली गत.

माप बदलत गेले

आता खरा मुद्दा. सुरुवातीच्या दोनेक वर्षांत या निधीतला काही पैसा फोनच्या भाड्यातल्या सवलतीपोटी जात होता. नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ठरवलेल्या भाड्यापेक्षा ग्रामीण ग्राहकाकडून कमी भाडे घ्यायचे आणि मधला फरक कंपनीने निधीतून घ्यायचा. सवलत ग्राहकाच्या बिलावर दिसत होती. ती मिळाली की नाही हे ग्राहक स्वतः सांगू शकत होता.

२००५ ते २००७ मध्ये तोट्यातल्या १,६८५ विभागांत खेड्यातल्या घरी दिलेल्या प्रत्येक नव्या फोनमागे सबसिडी ठेवली. बीएसएनएलबरोबर खासगी कंपन्याही त्यात उतरल्या. माप आता बिल राहिले नाही, जोडणी झाले. जोडणी दिली की पैसा.

२००७ मध्ये टॉवरची योजना आली. दोन हजारांवर वस्ती असलेल्या आणि मोबाईल न पोहोचलेल्या गावांसाठी देशभरात सात हजारांहून जास्त टॉवर उभे झाले. एका टॉवरवर तीन कंपन्यांनी सेवा द्यायची, अशी रचना होती. सबसिडी पाच वर्षांची. २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटींची योजना मंजूर झाली. पाच वर्षे चालवण्याचा खर्च त्यातच धरलेला होता. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत होता.

टॉवर आले, ते चांगलेच झाले. पण माप कुठून कुठे गेले पाहा. बिलावरून जोडणीवर, जोडणीवरून टॉवरवर. टॉवर उभा आहे, हे दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्याला दिसते. पेरणीच्या आठवड्यात तो तीन दिवस मुका होता, हे कोणाला दिसते? ज्याला दिसते त्याची सही दाव्यावर कुठेच लागत नाही.

हा खेळ आपल्याला नवा नाही. १९७७ पासून युरियाची सबसिडी कारखान्याचा उत्पादनखर्च पाहून कारखान्याला दिली जात होती. कारखाना जितका महाग, तितकी त्याची सबसिडी मोठी. नाव मात्र शेतकऱ्याचे. सबसिडी शेतकऱ्याने खाल्ली, असे पंचवीस वर्षे ऐकून घेतले. उद्या टॉवरच्या बाबतीतही हेच ऐकवतील.

दुसरीकडे काय करतात?

सवलत ग्राहकाच्या नावाने देण्याची रीत जगात आहे. अमेरिकेत १९८५ पासून 'लाइफलाइन' नावाची योजना चालते. गरीब कुटुंबाला ब्रॉडबँडच्या बिलात महिन्याला सव्वानऊ डॉलरपर्यंत सूट मिळते. एका घराला एकच. या योजनेत कंपनीला आपोआप जागा नाही. आधी सरकारकडून पात्र ठरवून घ्यावे लागते, मग ग्राहकाच्या बिलात पुरी सूट द्यावी लागते आणि नंतर भरपाई मागावी लागते. कॅलिफोर्निया राज्याने शाळा, ग्रंथालये, दवाखाने यांच्यासाठी वेगळा निधी ठेवला आहे. तिथेही तेच. कंपनी बिल निम्मे करते आणि मग राज्याच्या आयोगाकडे आपला दावा पाठवते.

तिकडे सगळे साधू आहेत, असे आम्ही म्हणत नाही. एकाच माणसाच्या नावाने दोन-दोन कंपन्या पैसा उचलत होत्या. म्हणून २०१२ मध्ये नियम कडक केले आणि दुहेरी नावे पकडण्यासाठी देशाची एकच यादी केली. फुकट दिलेला फोन तीस दिवस वापरलाच नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन बंद करावा लागतो. वापर नाही तर कंपनीला पैसा नाही. करोनानंतर तिथे महिना तीस डॉलर सवलतीची आणखी एक मोठी योजना आली. दोन कोटी तीस लाखांवर घरे तिच्यात आली. पण तिला कायमचा झरा नव्हता, एकदा मंजूर केलेली रक्कम होती. २०२४ च्या जूनमध्ये पैसा संपला आणि योजनाही संपली.

त्यांच्यासारखी योजना इथे आणा, असे आमचे मागणे नाही. मोफत रिचार्ज तर नकोच. फुकटाची सवय लावून हक्काचा भाव बुडवण्याचा धंदा आपण पुष्कळ पाहिला. त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यायची. ज्याच्या नावाने पैसा निघतो, त्याला सेवा मिळाल्याशिवाय कंपनीचा दावा पुरा होऊ नये.

कंपनीचीही बाजू

कंपनीचे लोक आम्हाला भेटतात तेव्हा सांगतात, साहेब, वीज नसते, डिझेल परवडत नाही, बॅटऱ्या चोरीला जातात, रस्ता खोदणारा तार तोडून जातो, आणि गावात ग्राहक किती? हे खोटे नाही. बॅटरी चोरणारा आपल्याच पंचक्रोशीतला असतो, हेही मान्य करू. पण नेमकी हीच तूट भरण्यासाठी तर निधी आहे. तूट दाखवून पैसा घ्यायचा आणि तीच तूट दाखवून सेवा बंद ठेवायची, हे दोन्ही कसे चालेल?

आपण काय करायचे?

पहिले काम: प्रत्येक गावात एक टॉवर-वही. पर्जन्यमापकाची नोंद ठेवतो तशी. तारीख, रेंज कधी गेली, कधी आली, तेव्हा वीज होती की नव्हती, कोणत्या कंपनीची. शाळेत जाणारी एखादी पोर हे काम उत्तम करील. अंदाजाने बोललेले कोणी ऐकत नाही, लिहिलेले खोडता येत नाही.

दुसरे: माहिती अधिकारात अर्ज. आमच्या गावचा टॉवर निधीच्या पैशातला आहे का, करार कोणाशी, मुदत किती, आजवर किती दावा दिला. आम्ही एका गावात हे विचारले तेव्हा सरपंचापासून ग्रामसेवकापर्यंत कोणालाच सांगता आले नाही. टॉवर मात्र गावठाणात उभा होता.

तिसरे: ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या सेवेचा नकाशा वेबसाइटवर ठेवायला लावला आहे. तो उघडा आणि वहीशी ताडून पाहा. त्याच नियमांत सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई आहे, पण ती जिल्हा पातळीवर सेवा कोलमडली तर. एकटे गाव मुके झाले तर ती लागू होत नाही. हे माप गावापर्यंत आणा, असा ठराव आजच्या बैठकीत घ्यायचा आहे.

चौथे: २०२४ च्या निधी नियमांप्रमाणे सरकारी पैशातून उभी केलेली यंत्रणा इतर कंपन्यांना भेदभाव न करता वापरू दिली पाहिजे. आपल्या टॉवरवर एकच कंपनी का, हा प्रश्न ग्रामसभेत लिहून घ्या.

आणि शेवटची मागणी सगळ्यांत महत्त्वाची. निधीच्या टॉवरचा हप्ता सेवेच्या तासांवर द्या, आणि त्या तासांना ग्रामसभेचा दाखला जोडा. रोजगार हमीच्या कामाचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभा करू शकते, तर टॉवरचे का नाही?

ग्रेडर कापूस हातात घेऊन ओलावा पाहतो आणि जास्त निघाला की भाव कापतो. आपण त्याला अडवत नाही, कारण माल त्याने घेतलेला असतो. रेंज हा कंपनीचा माल आहे आणि तो आपण घेतलेला आहे. मोजायचा हक्क आपला. पुढच्या बैठकीला येताना भाषण नको, हातात वही घेऊन या.