विशेषण कोण लावतो?



इंग्रजी आपल्याला वारशात मिळाली नाही. ज्यांच्या घरात ती आजोबांपासून आहे ते आपल्या अर्जातला एक शब्द चुकला की गालात हसतात. म्हणून आज मी विशेषणांवर बोलणार आहे.

डिक्शनरीत दोन शब्दांपुढं जवळपास एकच अर्थ दिलेला असतो. फसगत तिथंच होते. 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंध असलेलं. कुठलाही जुना कागद हिस्टॉरिकल. 'हिस्टॉरिक' म्हणजे ज्यानं इतिहास घडला ते. महाडचा १९२७ चा सत्याग्रह हिस्टॉरिक, त्याच्यावरचं संशोधन हिस्टॉरिकल. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवहाराचं, 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचं. कामगाराच्या अडचणी इकॉनॉमिक असतात. त्याच्या अर्धपोटी जेवणाला इकॉनॉमिकल म्हणा, की उपासमारीची काटकसर झालीच! 'चाइल्डलाइक' म्हणजे कौतुक, 'चाइल्डिश' म्हणजे टोमणा. माणूस तोच, बघणाऱ्याची नजर वेगळी.

आता आपल्यावरचा शब्द घ्या. 'डिप्रेस्ड' आणि 'ऑप्रेस्ड'. मराठीत दोन्हींना आपण 'दबलेला' म्हणून मोकळे होतो. पण बाजार डिप्रेस्ड असतो, मन डिप्रेस्ड असतं. खाली कुणी ढकललं हे तो शब्द विचारत नाही. 'ऑप्रेस्ड' म्हटलं की दाबणारा हात दिसतो.

सरकारी कागदांनी आपल्याला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हटलं. १९३१ साली गोलमेज परिषदेला दिलेल्या पुरवणी निवेदनात बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नावच बदला, असं बजावलं. राजकीय हक्क मागतानाच त्यांनी विशेषणाचाही हिशेब मागितला. त्यांनी सुचवलेल्या पर्यायांत 'प्रोटेस्टंट हिंदू' आणि 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' ही नावं होती. म्हणजे निषेध करणारा, रूढी न मानणारा. दबलेला माणूस त्या शब्दांत उठून उभा राहतो. पुढं १९३५ च्या कायद्यात आलं 'शेड्यूल्ड'. म्हणजे यादीत घातलेला. दाबणारा त्याही शब्दात नाही, आणि उठणाराही नाही. नुसती नोंद.

तेव्हा दोस्तांनो, शब्द सुटा पाठ करू नका. तो कुठल्या नामाला चिकटतो ते बघा, दोन-चार वाक्यांत वापरून बघा, मगच अर्जात घाला. आणि कुणी आपल्याला विशेषण लावलं, तर अर्थ नंतर शोधा. आधी विचारा, लावणारा कोण?

जय भीम.