न्हाणीघरांतली वाफ



नवें घर बांधतांना दिवाणखान्याच्या फरशीचा विचार महिनाभर चालतो. न्हाणीघरांतली वाफ कोठें जावी, याचा विचार मात्र बहुधा कोणी करीत नाहीं. छताजवळ वाफ ओढणारा विजेचा पंखा बसविला कीं काम झालें, अशी समजूत असते. निलंगा आणि त्याच्या आसपासच्या घरांच्या निमित्तानें या समजुतीविषयीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

या भागांतील जुनीं घरें माळवदाचीं. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उजेड यावा व धूर जावा म्हणून माळवदाला एक भोक ठेवीत; त्यास साणें म्हणत. न्हाणी बहुधा परसांत, वरून उघडी. वाफेची चिंता करण्याचें कारणच नव्हतें. पुढें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांतून घरें कोसळलीं, माळवदांचें तें वजन निजलेल्या माणसांवर आलें आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. त्यानंतर लोकांनीं सिमेंट-लोखंडाच्या घरांचा आश्रय घेतला, तें योग्यच झालें. परंतु माळवदाबरोबर साणेंहि गेलें आणि न्हाणी घराच्या पोटांत आली.

आतां वाफेचा हिशेब पाहूं. ३० अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपांत धरूं शकते. तीच हवा २० अंशांवर आली म्हणजे सुमारें १७ ग्रॅमच धरते. उरलेलें १३ ग्रॅम पाणी भिंतीवर व छतावर थेंब होऊन बसतें. पंखा हें पाणी नाहींसें करीत नाहीं. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेतो, इतकेंच. म्हणून पंखा विकत घेण्यापूर्वीं त्याचें दुसरें तोंड कोठें उघडणार, हें ठरवावें.

पुष्कळ घरांत तें खोट्या छताच्या वर उघडतें. कोठें जिन्याखालीं, तर कोठें वरून पत्र्यानें झांकलेल्या डक्टमध्यें. अशा ठिकाणीं हिंवाळ्यांत वाफ थंड छताला लागून तेथेंच मुरते. आधीं काळी बुरशी येते, मग गिलावा सुटतो. ओल आंतल्या सळयांपर्यंत पोंचली म्हणजे त्या गंजतात. गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचें काँक्रीट फोडतो. एका वर्षांत कांहीं छत पडत नाहीं. परंतु ज्या सळयांच्या भरंवशावर आपण माळवद सोडलें, त्याच सळया दृष्टीआड कुजूं देणें या प्रदेशांत तरी परवडण्यासारखें नाहीं.

व्यवस्था सोपी आहे. पंखा बाहेरच्या भिंतींत बसवितां आला तर उत्तम. नाहीं तर दहा सेंटिमीटर व्यासाचा पाईप जोडून तो बाहेरच्या भिंतीपार न्यावा. लांबी थोडी, वळणें कमी. पाईपास बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे आंत जमलेलें पाणी पंख्यावर न येतां बाहेर गळेल. तोंडाशीं आपोआप मिटणारी झडप, पक्ष्यांसाठीं जाळी आणि पावसासाठीं लहानसें छज्जें असावें. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर तें तोंड काढूं नये.

जितकी हवा बाहेर जावयाची तितकी आंत आली पाहिजे. दार घट्ट बसत असेल तर पंखा नुसता घरघरतो. सत्तर सेंटिमीटर रुंदीच्या दाराखालीं दोन सेंटिमीटरांची फट ठेवली तर १४० चौरस सेंटिमीटर वाट मिळते. पाईपाचें तोंड अवघें ७८ चौरस सेंटिमीटरांचें असतें. तेव्हां एवढी फट पुरेशी आहे. स्नानानंतरहि पंधरावीस मिनिटें पंखा चालूं द्यावा. वीज जाते त्या वेळेसाठीं जुना झरोका असल्यास तो बुजवूं नये.

एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. पंखा आहे म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघरांत बसवूं नये. बंद जागेंत गॅस अपुरा जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आंतला मनुष्य हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. येणाऱ्या हवेस वाट नसेल तर पंखा गीझरचा जळका वायु उलट आंतहि ओढूं शकतो. असा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंतच असावा.

आपल्या घरची परीक्षा आजच करितां येईल. दार लावून पंखा सुरू करा आणि पातळ कागदाचा तुकडा त्याच्या जाळीजवळ धरा. तो चिकटून राहिला पाहिजे. मग घराबाहेर जाऊन पाईपाच्या तोंडाशीं हात धरा. तेथें वारा लागला तर निश्चिंत असा. तेथें वारा नसेल, किंवा पाईपाचें तोंडच सांपडत नसेल, तर गवंड्यास बोलावून वाफ कोठें जाते आहे याचा शोध घ्या. कारण ती घरांतच कोठें तरी मुरत आहे.