पदकाच्या पाठीवरचं नाव

ब्रिटिश शौर्यपदकांचा जाणता संग्राहक पदक हाती आलं, की आधी ते उलटं करून बघतो. व्हिक्टोरिया क्रॉस असेल, तर वरच्या पट्टीमागे वीराचं नाव आणि क्रॉसच्या पाठीवरच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते. 1856 साली सुरू झालेलं हे पदक ब्राँझचं. धातूला फारसा भाव नाही. मोल आहे ते त्या नावाला.

बेलफास्टच्या जेम्स मॅगेनिसचंच बघा. 31 जुलै 1945. सिंगापूरजवळ ‘टाकाओ’ या जपानी क्रूझरखाली एक चिमुकली पाणबुडी शिरली. सुरुंग चिकटवायला मॅगेनिस बाहेर पडला. जहाजाच्या तळाला शिंपल्यांचा थर, चुंबक धरेना. त्यानं सुरीनं तो थर खरवडला. श्वासाचं यंत्र गळत होतं, तरी एकेक सुरुंग लावला. दमून आत आला, तर पाणबुडीच्या बाजूची सुरुंगांची पेटी सुटेना. तो पुन्हा पाण्यात उतरला, जड पान्यानं ती सोडवूनच परतला.

या पराक्रमासाठी मिळालेलं व्हिक्टोरिया क्रॉस पदक पुढे ओढगस्तीत त्याला विकावं लागलं, हे वाचून जीव कळवळतो. 1986 साली पदकसंग्राहक लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी ते लिलावात घेतलं. आज त्यांच्या संग्रहात दोनशेहून अधिक व्हिक्टोरिया क्रॉस आहेत.

आणि हो, तुमच्या ट्रंकेत मराठा पलटणीतल्या पणजोबांचं महायुद्धाचं पदक असेल, तर ते घासून लख्ख करू नका. कडेवर बहुधा त्यांचं नाव कोरलेलं असतं. घासून ती अक्षरं झिजतात.