एका पेटीचे दोन पत्ते



ज्या मातेला केवळ मराठी किंवा उर्दू वाचता येते, तिला मुलाचा ई-मेल पत्ता मात्र रोमन अक्षरांतच लिहावा लागतो. १९८२ साली ठरलेल्या नियमांत दुसऱ्या लिपीची सोयच नव्हती. २०१२ साली नवे नियम आले. देवनागरी, उर्दू, चिनी लिप्यांनाही दार उघडले. २०१४ पासून ‘.भारत’ हे नावही मिळू लागले.

परंतु पलीकडच्या यंत्रणेने नवा नियम स्वीकारला नसेल, तर पत्र परत येते. म्हणून एकाच टपालपेटीला दोन पत्ते घ्यावेत. एक आपल्या लिपीतला, दुसरा रोमन. शिष्यवृत्तीच्या अर्जावर तूर्त रोमनच लिहावा. आपली लिपीही जपावी आणि आलेली संधीही दवडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.